सुट्या भागांवरून सायकल ओळखताना

जुन्या सायकलीची ओळख तिच्या पुढच्या नळीवरच्या मोनोग्रामवरून ठरवू नये, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहायला घेतले. वसईत, पापडीपासून अर्नाळ्यापर्यंतच्या गावांत, ओटीवर नाहीतर गोठ्याच्या पडवीत उभी असलेली काळी सायकल दाखवताना घरची माणसे अभिमानाने सांगतात, ‘आजोबांची रॅले आहे, इंग्लंडची.’ मोनोग्राम रॅलेचाच असतो. पण मागच्या चाकाची रिम हिरोची असते, क्रँक लुधियानाच्या कुठल्यातरी लहान कारखान्यातली, सीट कोणी बसवली ते सांगणारे कोणी उरलेले नसते, आणि पुढचे चाक धरणारा मूळचा चिमटा वाकल्यामुळे दुसऱ्याच सायकलीचा आणून घातलेला असतो. मग या सायकलीला रॅले म्हणायचे की नाही? खुशाल म्हणावे. फक्त त्याआधी प्रत्येक भाग कुठून आला, का आला आणि दुसऱ्या घराण्याचा असूनही इथे नीट बसला कसा, एवढे विचारावे.

यातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. दोन देशांत, वीस-पंचवीस वर्षांच्या अंतराने तयार झालेले लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांत आटे न बिघडवता बसतात, ही आपोआप घडणारी गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये ती पुरती घडली नव्हती. अमेरिकेत तर श्विन या मोठ्या कारखान्याने आपली कित्येक मापे इतरांपासून वेगळी ठेवली. आपल्याकडे ती बऱ्याच अंशी घडली, आणि वसईच्या दूधवाल्याची सायकल बापाकडून मुलाकडे चालत आली ती त्यामुळेच. पुढे भागाशेजारी भाग ठेवून जी तुलना केली आहे, तिच्या मागे हा एकच विचार आहे.

वसईत सायकल हौसेने आली नाही. वाडीत पिकणारे बहुतेक सगळे मुंबईला जायचे: दूध, फुले, केळी, विड्याची पाने, भाजी, किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून मासळी. रेल्वे मात्र या गावांच्या पूर्वेला, लांब. 1936 साली विजेची गाडी बोरिवलीहून पुढे विरारपर्यंत धावू लागली आणि मुंबई जवळ आली, पण वाडीपासून स्टेशनपर्यंतचे पाच-दहा किलोमीटर ज्याचे त्यानेच कापायचे होते. निर्मळ, गास, भुईगाव, वाघोली, नंदाखाल, आगाशी ही नावे नकाशावर पाहिली की लक्षात येते, की माल पिकवणारी गावे सगळी समुद्राच्या अंगाला आणि स्टेशने दुसऱ्या टोकाला. पहाटेच्या गाडीत कॅन चढवायचे असतील तर पहिल्या एसटीची वाट पाहून चालत नाही. सायकल या गरजेतून घराघरात शिरली.

आता त्या ओझ्याचा हिशेब करू. वीस लिटरचे दोन कॅन म्हणजे चाळीस किलोंहून अधिक वजन, तेही कॅरिअरच्या दोन बाजूंना लटकलेले आणि आतल्या आत हिंदकळणारे. असे वजन घेऊन चालणाऱ्या सायकलीत काय लागते? मागच्या चाकाला जास्त तारा लागतात. इंग्रजी पद्धतीच्या काळ्या सायकलीत पुढे 32 आणि मागे 40 तारा असतात, त्याचे कारण हेच. वरची दांडी एकाऐवजी दोन असली तर सांगाडा पिळवटत नाही. म्हणून डबल बारची सायकल दूधवाल्यांची आवडती. चिमट्याला हँडलपासून पुढच्या एक्सलपर्यंत जाड सळ्यांचा जादा आधार लागतो. कॅरिअर नाजूक सळईचे चालत नाही, जाड पट्टीचे लागते, आणि स्टँड असा लागतो की भरलेली सायकल कलंडणार नाही. वजन वाढले तरी हरकत नाही. रिकामी सायकल वीस किलोंच्या पुढे गेली म्हणून तिला नावे ठेवणारा माणूस तिच्यावर कधी काही लादून निघालेला नसतो.

जमिनीनेही आपले म्हणणे मांडले आहे. हा पट्टा समुद्रसपाटीला लागून आहे. स्टेशनच्या वाटेवर पुलाचा चढ सोडला तर दम लागावा असा चढ नाही. त्यामुळे गिअरची गरज पडली नाही. पुढे 44 दात, मागच्या फ्रीव्हीलला 18, आणि 28 इंची चाक अशी मांडणी धरली तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. ओझे घेऊन सपाटीवर एका लयीत चालायला हे माप फार समंजस आहे. पुढचे दात 48 केले की तेच अंतर सहा मीटरांच्या जवळ जाते. रिकाम्या सायकलीला ते सुखाचे, भरलेलीला जड. जुन्या सायकलीचे पुढचे दात मोजले की तिचा मालक काय वाहत होता याचा अंदाज बांधता येतो. खात्री देता येत नाही, पण पुष्कळदा अंदाज खरा निघतो.

इंग्रजी सायकलींना जोडून येणारा स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब इथे क्वचितच दिसतो. 1936 पासून बनत आलेल्या त्याच्या ‘एडब्ल्यू’ नमुन्यात मधला गिअर सरळ चालतो, वरचा त्याहून एक तृतीयांशाने लांब आणि खालचा एक चतुर्थांशाने आखूड. गिअरचे सगळे काम हबच्या पोटात चालते. कोणाकडे असा हब सापडला तर त्याच्या डब्यावर कोरलेले आकडे आधी पुसून पाहावेत. बनल्याचे वर्ष तिथेच असते, आणि जुन्या सायकलीवर इतका प्रामाणिक दाखला दुसरा कुठला मिळत नाही. मात्र तो दाखला हबचा आहे. त्यावरून सांगाड्याचे वय ठरवणे म्हणजे पुन्हा मोनोग्रामवर विश्वास ठेवण्यासारखेच.

घराण्यांचा इतिहास इथे थोडक्यात देतो. इंग्रजी अमलात सायकली बाहेरून यायच्या: नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमकडच्या बीएसए, हर्क्युलिस आणि फिलिप्स. मग देशी कारखाने उभे राहिले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला 1949 साली स्थापन झालेली टीआय सायकल्स, 1951 साली सोनीपतची अ‍ॅटलस आणि 1956 साली लुधियानाची हिरो. हिंद आणि सेन-रॅले हे दोन्ही कारखाने डबघाईला आल्यावर 1980 साली एकाच कायद्याने त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि पुढे दोन्ही संपले. हिरोचे नाव 1986 साली जगातला सर्वांत मोठा सायकल कारखाना म्हणून गिनीज बुकात गेले. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. यांपैकी हिंदविषयी मला विशेष आस्था आहे. वसईहून ज्या गाडीने दूध मुंबईला जायचे, त्याच मुंबईत ही सायकल बनत होती, आणि तरीही आज तिच्याविषयी फार थोडे लिहिलेले सापडते. वरळीत ‘हिंद सायकल मार्ग’ एवढे नाव राहिले आहे. म्हणून या पुस्तकात हिंदच्या भागांना त्यांच्या प्रसिद्धीपेक्षा जास्त पाने दिली आहेत, आणि ती मी जाणूनबुजून दिली आहेत.

आता खऱ्या विषयाकडे येतो. दोन पायडलांच्या मधोमध सांगाड्याची जी आडवी जाड नळी असते, जिला मिस्त्री ‘बीबी’ म्हणतात, तिथे सायकलीचे गोत्र सर्वांत स्पष्ट कळते. तिच्या दोन्ही तोंडांना आतून आटे असतात, त्यांत कप फिरवून बसवतात, कपांत छर्रे आणि त्यांवर एक्सल. इंग्रजी पद्धतीत या आट्यांचा व्यास 1.37 इंच आणि एका इंचात 24 आटे. उजव्या बाजूचे आटे उलटे, म्हणजे पायडल मारता मारता कप सैल होऊ नये. बहुतेक इंग्रजी घराण्यांनी हे माप पाळले, रॅलेने पाळले नाही. नॉटिंगहॅमच्या अनेक सायकलींना इंचाला 26 आटे आहेत. व्यास जवळजवळ तोच, म्हणून 24 आट्यांचा कप रॅलेच्या नळीत एक-दोन फेरे अगदी सहज जातो आणि मग अडतो. तिथे थांबायला हवे. जोर लावला तर कप आत जाईलही, पण नळीचे आटे कायमचे जातात, आणि नळी सांगाड्याचाच भाग असल्याने सांगाडाही गेल्यातच जमा. रॅलेची अशी अवस्था झालेली पाहिली की वाईट वाटते, कारण आटे मोजायची साधी पट्टी लावली असती तर ती वाचली असती.

क्रँक एक्सलला धरून ठेवणाऱ्या कॉटरचीही अशीच गोष्ट. इंग्रजी सायकलींचा कॉटर सहसा साडेनऊ मिलिमीटरचा, फ्रेंचांचा नऊचा. अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. नऊचा कॉटर साडेनऊच्या भोकात ठोकून बसवला की चार दिवस बरे जातात. मग पायडलाच्या प्रत्येक फेऱ्याला ‘कट’ असा आवाज येऊ लागतो. लोक चेनला तेल घालतात, चेन बदलतात, आवाज जात नाही. तोवर कॉटर चेपलेला असतो आणि एक्सलची खाच खराब होऊ लागलेली असते.

पुढची दातेरी चकती मात्र सगळ्यांची लाडकी, आणि इथे कारखान्यांनी सढळ हाताने कला ओतली आहे. रॅलेच्या चकतीत बगळ्यांची मुंडकी आहेत, रज या दुसऱ्या इंग्रजी घराण्याच्या चकतीत हाताचा पंजा, हंबर या आणखी एका घराण्याच्या चकतीत धावणारी माणसे, तर बीएसएने आपली अक्षरेच कोरली. हंबरचा चिमटाही एकाच नजरेत ओळखू येतो: प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन बारीक नळ्या. अशा चकत्या रस्त्यावर फिरताना दिसत, तेव्हा पोरे लांबूनच सायकलीचे नाव सांगत. देशी कारखान्यांनी पुढे साध्या, सरळ आऱ्यांच्या चकत्या काढल्या, त्यात काटकसर होती आणि ती समजण्यासारखी आहे. तरीही बगळे गेल्याची हळहळ मला लपवायची नाही.

चाकांविषयी लिहिताना सर्वांत जास्त पाने खर्ची पडली, कारण सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. टायरवर इंचांत लिहिलेले माप पुरेसे नसते. आपल्या काळ्या सायकलीचा 28 × 1½ टायर ज्या रिमवर बसतो तिचा बैठकीचा व्यास 635 मिलिमीटर. आजच्या परदेशी धाटणीच्या सायकलींवरही काही वेळा ‘28’ असे छापलेले असते, पण त्यांची बैठक 622 ची. तो टायर जुन्या रिमवर कितीही ओढला तरी चढणार नाही. 26 × 1⅜ या मापातही हेच. इंग्रजी आणि देशी सायकलींचा हा टायर 590 चा. अमेरिकेच्या श्विन कारखान्याने तोच आकडा छापून 597 चा टायर वापरला. सात मिलिमीटर! टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ‘37-590’ किंवा ‘40-635’ अशी जोडी असेल, तर दुसरा आकडा खरा मानावा आणि इंचांकडे पाहूच नये.

ब्रेक हा वसईच्या पावसाचा विषय. सळयांचा ब्रेक ओढला की रिमवरची नालेच्या आकाराची सळई उचलली जाते आणि रबरी गुटके रिमच्या आतल्या, हबकडच्या अंगावर दाबले जातात. चाक थोडे आऊट झाले, इकडे-तिकडे डुलू लागले, तरी हा ब्रेक घासत नाही. ओझ्याच्या सायकलीला हा मोठा गुण आहे. केबल नाही, म्हणून तुटायचीही भीती नाही. दोष एकच: क्रोमच्या ओल्या रिमवर पकड फार कमी. जुलैच्या पावसात भरलेली सायकल चालवणाऱ्यांनी ब्रेकवर विसंबून वेग कधी घेतलाच नाही, पाय जमिनीच्या जवळ ठेवून चालवली.

आणि खारी हवा. किल्लाबंदर, पाचूबंदर, अर्नाळा इथल्या सायकली आतून गंजतात. बाहेरचा काळा रंग शाबूत दिसतो आणि सीटखालची नळी आतल्या बाजूने पोखरलेली असते. जुन्या इंग्रजी हबांना आणि बीबीला तेल सोडायचे झाकणदार भोक असे. दर आठवड्याला दोन थेंब सोडणाऱ्यांच्या सायकलींचे कप आजही गुळगुळीत आहेत. झाकण हरवले आणि भोक उघडे राहिले, की पाणी आणि रेती थेट छर्‍यांपर्यंत पोहोचते. दहा पैशांच्या झाकणापायी हब जातात, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो.

अमेरिकेच्या सायकली या पुस्तकात कशाला, असे कोणी विचारील. दोन कारणे आहेत. सत्तरच्या दशकात शिकायला अमेरिकेला गेलेल्या मराठी मुलांनी तिथल्या विद्यापीठांत जी वाकड्या हँडलची, दहा गिअरची सायकल पाहिली, ती पुष्कळदा श्विनची असे, आणि आज त्यांच्या घरांतून अशा सायकलींविषयी विचारणा होते. दुसरे कारण तुलनेचे. आपली सायकल अशी का झाली हे कळण्यासाठी, वेगळ्या गरजेतून झालेली सायकल शेजारी उभी करावी लागते.

श्विन 1895 साली शिकागोत सुरू झाली. 1960 साली तिने ‘व्हार्सिटी’ बाजारात आणली. सांगाडा लग, म्हणजे सांध्यांवरचे जोडतुकडे, लावून ब्रेझ केलेला नाही, विजेच्या उष्णतेने नळ्या थेट जोडलेला. भक्कम, पण सतरा-अठरा किलोंचा. तिची वरची बहीण ‘कॉन्टिनेंटल’ दिसायला जवळजवळ तशीच. फरक भागांत: व्हार्सिटीचा चिमटा घडीव, चपट्या पात्याचा, कॉन्टिनेंटलचा नळीचा, एकीचा ब्रेक बाजूने ओढणारा, दुसरीचा मधोमध ओढणारा. आणि या दोघींहून कितीतरी वर ‘पॅरामाउंट’, 1938 पासूनची, हाताने ब्रेझ केलेली आणि पुढच्या काळात इंग्लंडच्या रेनॉल्ड्स 531 नळ्यांची, शर्यतीची सायकल. तिन्हींवर नाव एकच. मोनोग्राम पाहून किंमत ठरवणारा इथेही फसणार.

व्हार्सिटीची क्रँक पाहण्यासारखी आहे. डावा हात, एक्सल आणि उजवा हात हे सगळे पोलादाच्या एकाच तुकड्यातून घडवलेले. कॉटर नाही, म्हणून तो सैल होण्याचा प्रश्नच नाही. बीबीची नळी रुंद, तिला आटे नाहीत. कप दाबून बसवतात. वजनाला जड, पण मुलांच्या हातात मोडणार नाही अशी. याचा एक परिणाम असा की तिचे पायडल अर्ध्या इंचाच्या आट्यांचे, आणि आपले व इंग्रजांचे 9/16 इंचाचे. आपल्या दुकानातला पायडल तिच्यात जाणारच नाही. गिअरांच्या एका प्रचलित मांडणीत पुढे 52 आणि 39 दात, मागे 14 पासून 28 पर्यंत. म्हणजे एका फेऱ्याला तीन मीटरपासून आठ मीटरपर्यंत. डोंगर चढायचा आणि मोकळ्या रस्त्यावर सुटायचे, यासाठी ती सायकल आहे. मागे कॅरिअर नाही आणि चाळीस किलो दूध नेण्याचा विचार तिच्या रचनेत कुठेच नाही. अमेरिकेत मालासाठी मोटार होती. सायकल आधी मुलांची, मग व्यायामाची.

म्हणून कोणती चांगली, या प्रश्नात मला रस नाही. पण एका बाबतीत माझे मत ठाम आहे, आणि ते वाचकाने आधीच जाणून घ्यावे. इंग्लंडच्या मालाची आपल्याकडे फार भक्ती झाली. नॉटिंगहॅमची धातूची घडण उत्तम होती यात शंका नाही. तरी वाडी ते स्टेशन या वाटेवर सायकलीचा सर्वांत मोठा गुण होता तो भाग सहज मिळण्याचा. हिरोचे फ्रीव्हील अ‍ॅटलसच्या हबवर बसते, लुधियानाचा कप हर्क्युलिसला चालतो, गावच्या मिस्त्रीकडे एकाच डब्यातल्या छऱ्यांवर अख्ख्या आळीच्या सायकली चालतात. ज्याचे दूध नऊ वाजता नासणार आहे त्याला मूळ कारखान्याच्या भागाची वाट पाहणे शक्य नव्हते. आपल्या कारखान्यांवर ‘नवे काही काढत नाहीत’ असा ठपका अनेकांनी ठेवला, आणि तो अगदीच खोटा नाही. पण माप न बदलण्यामुळे जे टिकले त्याचेही मोल व्हायला हवे, आणि ते अजून झालेले नाही.

या कामात मला सर्वांत जास्त शिकवले ते मिस्त्रींनी. बोटांनी चाक फिरवून ‘आऊट’ कुठे आहे ते सांगणारी, तारेला टिचकी मारून तिचा ताण ओळखणारी ही माणसे. त्यांतले बहुतेक आता मोटारसायकली दुरुस्त करतात नाहीतर दुकान भाड्याने देऊन मोकळे झाले आहेत. नालासोपारा-विरारमध्ये इमारती वाढल्या, 2009 साली महानगरपालिका झाली, रिक्षा आल्या, दुधाचे टेम्पो आले. सायकल मागे पडली. मिस्त्रींच्या तोंडचे शब्द मी शक्य तितके तसेच ठेवले आहेत, कारण इंग्रजी कॅटलॉगमधला शब्द घेऊन दुकानात गेले तर भाग मिळत नाही.

जुनी सायकल नीट करू इच्छिणाऱ्यांना काही विनंत्या आहेत. रंग खरवडायच्या आधी फोटो काढा; सीटखालच्या नळीवर कोरलेला नंबर आणि पट्ट्यांचे सोनेरी रेघकाम एकदा गेले की परत येत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक नगरपालिका एकेकाळी सायकलीवर कर घ्यायच्या आणि त्याचा धातूचा बिल्ला द्यायच्या. तो सापडला तर भंगारात टाकू नका, त्यावरचे साल उपयोगी पडते. इंग्रजी सायकलींचे काही नट व्हिटवर्थ मापाचे असतात. त्यांवर मिलिमीटरचा पाना लावला की कडा झिजतात, मग पकड मिळत नाही. आणि बदललेले भाग ‘मूळचे नाहीत’ म्हणून काढून फेकू नका. रॅलेवर बसलेली हिरोची रिम हाही त्या सायकलीच्या कामाचा पुरावा आहे. वेगळी काढली तर चिठ्ठी बांधून ठेवा.

पुस्तकाची सुरुवात चाकापासून केली आहे, सांगाड्यापासून नाही. सांगाड्याचे वय ठरवायला वेळ लागतो आणि वाद होतात. चाकाचे माप पाच मिनिटांत घेता येते आणि त्यावरून पुढची निम्मी मापे आपोआप ठरतात. तेव्हा पहिले प्रकरण वाचण्याआधी घरातल्या सायकलीच्या टायरची कड ओल्या फडक्याने पुसावी, त्यावरचा मिलिमीटरचा आकडा लिहून घ्यावा, मागच्या चाकाच्या तारा मोजाव्यात आणि पुढच्या चकतीचे दात मोजावेत. हे तीन आकडे हाताशी असतील, तर पुढचे कोष्टक लगेच उपयोगी पडेल.